परडी कुणाची

जळकोट, ता. तुळजापूर
१२ फेब्रुवारी २०२४

चि. हर्षाली हिस,
अ. उ. आ.

पत्राच्या वर श्री घातलेला नाही. सुतक फिटलं, आईचा तेरावाही झाला, तरी तो लिहायला हात होत नाही. समजून घे.

फोन करणार होते. पण तुझा फोन ती मुलगी उचलते आणि मॅडम शॉटमध्ये आहेत म्हणते. तू स्वतः उचललास तरी मी नुसतं हं हं करते, हे तुला ठाऊक आहे. अंगणवाडीचे अहवाल लिहून लिहून कागदावर मात्र मला बोलता येतं. म्हणून स्पीड पोस्टानं पाठवते आहे.

इकडं सगळं आहे तसं आहे. यांचा हरभरा निघाला. श्रियाची परीक्षा जवळ आली, पण ती आरशासमोर उभी राहून तुझी वाक्यं म्हणते. मावशी कपाळावरचे केस कसे मागं सारते, तेही करून दाखवते. मी तिला अभ्यासाला बसवते. आईची खाट अजून उचललेली नाही. दुपारी जेवताना भाकरी दुधात बारीक कुस्करायला घेते आणि मग लक्षात येतं की खाणारं कुणी नाही.

तू अंत्यविधीच्या दुसऱ्याच दिवशी गेलीस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. कामं असतात. आपल्या तेरखेड्यात एवढी माणसं कुणाच्या मयतीला आलेली मी पाहिली नाहीत. तिरडी उचलताना मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण मोबाईलमध्ये तुझ्यापुढं मी येत होते. सांगणारा आपल्याच गल्लीतला होता. तो मला ओळखत नव्हता, असं नाही.

आता कामाचं लिहिते. आईची जोगव्याची परडी तेरखेड्याला आपल्या गिरिजाकाकूंकडं आहे. आईला सोलापूरच्या दवाखान्यातून परस्पर तेरखेड्याला नेलं, तेव्हा काकूंनी फोन करून ती जळकोटहून मागवून घेतली. मला वाटलं, विधीपुरती घेतली असेल. तेराव्याला मी मागितली, तर काकू म्हणाल्या, तू दिलेली लेक, तुला तुझ्या सासरचं कुळ आहे. परडी आपल्या घरची. या घरात पुढची सून नाही, तेव्हा जी लेक अजून या घरची आहे तिचीच ती. म्हणजे हर्षाली, तुझी, कारण तुझं लग्न झालेलं नाही.

आई अर्धांगानं माझ्याकडं पडून होती, ती दोन्ही वर्षं परडी मी सांभाळली. दर मंगळवारी आईच्या नावानं भरली. चैत्री पौर्णिमेला पाच दारं मागितली, सासूबाईंचं तोंड वाकडं झालं तरी मागितली. तेव्हा कुणाला कुळ आठवलं नाही.

काकू म्हणतात, या चैत्री पौर्णिमेपर्यंत कुणीतरी ती घेतली पाहिजे, नाही तर तुळजापूरला नेऊन देवीच्या पायाशी सोडावी लागेल. तुला तिकडं तिचा काय उपयोग? काकूंना एवढंच कळव की तुला नको, आक्काला द्या. तू सांगितलंस तर त्या ऐकतील. तुझं सगळेच ऐकतात.

तब्येतीला जप. माया आहे ती असू द्यावी.

तुझी,
अयोध्या


मुंबई
२५ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. मेकअप चालू असताना फोडलं आणि मग मेकअप पुन्हा करावा लागला. तुझं अक्षर अजून तसंच आहे, बाळांची वजनं लिहिल्यासारखं सरळ. रागसुद्धा तू समासाच्या आत ठेवतेस.

तिरडीपाशी झालं ते मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, खरंच सांगते. तेराव्याला थांबले नाही ते चुकलं. हैदराबादला सेट उभा होता, माझ्यामुळं सगळे खोळंबले असते. आईसाठी खोळंबू द्यायला हवे होते, हे आता कळतं.

दाजींना नमस्कार सांग. श्रियाला सांग की केस मागं सारायची ती सवय माझी नाहीच, आपल्या शाळेतल्या बाईंची आहे. मी फक्त उचलली.

परडीचं मात्र तू म्हणतेस तसं मला लिहिता येणार नाही. मला ती हवी आहे.

तुला वाटेल, हिला आता हेही पाहिजे. पण जरा ऐक. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा मी सातवीत होते. नाना जाऊन वर्ष झालं होतं. आई दिवसभर कारखान्यात फटाक्याच्या कागदी नळ्या वळायची आणि संध्याकाळी तिच्या नखांत चंदेरी पूड असायची. त्या वर्षी पौर्णिमेला तिनं मला परडी घेऊन बरोबर नेलं. आधी मी लाजून तिच्या पाठीमागं लपले. तिसऱ्या दारात तिनं मला पुढं केलं आणि म्हणाली, माग. मी आई राजा उदो उदो म्हणाले. आतली बाई भांडी घासत होती, ती हात न धुताच बाहेर आली. तेव्हा मला कळलं की आपल्या आवाजानं माणूस उठून बाहेर येतं.

पुढं जे झालं ते सगळं त्या दारातून निघालं. शाळेचं गॅदरिंग, मग धाराशिवच्या कॉलेजात नाटकं, मग संभाजीनगरला नाट्यशास्त्र. मुंबईत आल्यावर एका खोलीत आम्ही सहा मुली होतो. मालिकांमध्ये गर्दीतली बाई, मयतीत रडणारी बाई, देवळात मागं उभी राहणारी बाई अशी कामं केली. कॅमेऱ्यात माझी पाठ यायची. मग एका दिग्दर्शकाला सिनेमासाठी फटाक्याच्या कारखान्यातली बाई हवी होती. ऑडिशनला आलेल्या मुलींना नळी कशी वळतात ते शिकवावं लागलं, मला नाही. हात आपोआप चालले. पुढचं तुला माहीतच आहे.

आता मला कुणाकडं काही मागावं लागत नाही. तहान लागायच्या आधी पाणी समोर येतं. आपण कोण होतो, हे मला सांगणारी एकच वस्तू राहिली आहे, ती परडी. ती तू मला सोडायला सांगू नकोस.

सासूबाईंना नमस्कार. तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
हर्षाली


जळकोट
११ मार्च २०२४

चि. हर्षाली हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. पोषण आहाराची तपासणी होती.

परवा तुझी मुलाखत टीव्हीवर लागली होती. सासूबाईंनी शेजारच्या बायकांना बोलावून घेतलं होतं. तू पांढऱ्या साडीत होतीस आणि परडीचं सगळं सांगितलंस. नखांतली पूड, तिसरं दार, भांडी घासणारी बाई. मला पत्रात लिहिलंस तेच, त्याच क्रमानं. मला वाटलं होतं, ते तू मला लिहिलं आहेस.

मग चॅनेलवाल्यांनी आपलं तेरखेड्याचं घर दाखवलं. काकूंनी त्यांना परडी बाहेर काढून दिली. त्यांनी ती उन्हात एका खुर्चीवर ठेवली आणि फिरून फिरून तिचं शूटिंग केलं. परडी कधी खुर्चीवर ठेवतात का? मी उठून आत गेले. बायकांना वाटलं, मला रडू आलं.

तू खरं लिहिलंस तर मीही लिहिते. तुझा तो पहिला सिनेमा आम्ही सोलापूरला जाऊन पाहिला, मी, हे आणि श्रिया. तू पडद्यावर चालायला लागलीस आणि ती आईच होती. उजवा पाय जरा ओढून टाकणं, पदराचं टोक दातात धरून सुतळी तोडणं, बोलायच्या आधी ओठ आत घेणं. सगळं थिएटर रडत होतं. हे पण रडले. मी नाही रडले. आपल्या घरातली वस्तू कुणी न विचारता उचलून नेली आणि ती बाजारात मांडलेली दिसली की कसं वाटेल, तसं मला वाटत होतं. नंतर त्याच चालण्याला तुला बक्षीस मिळालं. आईचा तो पाय पुढं पूर्णच गेला, आणि तो मी दिवसातून चार वेळा उचलून कूस बदलत होते. त्याला कोण बक्षीस देणार?

सोलापूरच्या दवाखान्यात एक नवी नर्स आली होती. तिनं मला रोज पाहिलं, पॉट घेऊन जाताना, केस विंचरताना, भरवताना. एके दिवशी तिनं आईला विचारलं की या तुमच्या कोण. आईची जीभ जड झाली होती, पण हे वाक्य तिनं स्वच्छ म्हटलं.

"ही हर्षालीची बहीण."

नर्सनं लगेच माझ्याबरोबर फोटो काढला.

मला तुझ्या गाडीचा, कपड्यांचा हेवा वाटत नाही. म्हणजे वाटतो, पण तो जिरतो. पण आईसुद्धा तुझी, आईचं चालणं तुझं, तिचं मरणही टीव्हीवर तुझ्याच नावानं. माझ्याकडं तिचं म्हणून काही उरलेलं नाही. मी ती परडी दोन वर्षं हातानं पुसली आहे. तुझ्याकडं तिच्यासारख्या शंभर वस्तू येतील आणि काचेच्या कपाटात जातील.

पुन्हा एकदा लिहिते, काकूंना कळव.

प्रकृतीची काळजी घे. ताईपण माझ्याकडं आहे तोवर आशीर्वाद आहेतच.

अयोध्या


मुंबई
३० मार्च २०२४

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला मी तीनदा उत्तर लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. मुलाखतीचं तू म्हणालीस ते खरं आहे. प्रश्न विचारला आणि तोंडातून तेच आलं. माझं असं होतं, आक्का. जे एकदा नीट सांगता आलं ते मी पुन्हा सांगते. धंद्याची खोड आहे. तुला राग आला ते बरोबर आहे. खुर्चीवर ठेवलेली परडी मी पाहिली नव्हती, तू लिहिल्यावर पाहिली. काकूंना फोन करून सांगितलं की पुन्हा कुणी आलं तरी बाहेर काढायची नाही.

आईचं चालणं मी न विचारता घेतलं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, माझ्यासारखं चालून काय करणार बया, नीट चाल.

पण तू लिहितेस की आई सगळी माझी. तुला एक गोष्ट माहीत नाही. दुखणं यायच्या आधी मी तिला इकडं आणलं होतं, तुला आठवत असेल. समुद्र दिसणारी खोली दिली, तेरखेड्यासारखी भाजी करणारी बाई शोधून आणली. आई दिवसभर गॅलरीत बसून राहायची. चार दिवसांनी म्हणाली, मला आता अयोध्येच्या घरी सोड. तेरखेड्याला म्हणाली नाही, माझ्या घरी म्हणाली नाही. मी हसून तिला चिडवलं की जावयाच्या घरी राहायला लाज कशी वाटत नाही. ती म्हणाली, तिथं मला कुणी पाहुणी म्हणत नाही. त्या दिवशी मी सेटवर उगीच एका मुलीवर ओरडले. तिचं काही चुकलं नव्हतं.

ती गेली तेव्हा तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. मी मेकअप उतरवत होते. हे मी टीव्हीवर कधी सांगणार नाही. तुला हेवा वाटतो, असं तू लिहिलंस. मला काय वाटत असेल, ते एकदा विचारून तरी बघ.

परडी मी काचेच्या कपाटात ठेवणार नाही. चैत्री पौर्णिमेला, २३ एप्रिलला, मी तेरखेड्याला येते आहे. काकूंना कळवलं आहे. रीतीप्रमाणं अनवाणी पाच दारं मागीन. तू यावंस, असं वाटतं.

दाजींना नमस्कार, श्रियाला पापा. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
हर्षाली


जळकोट
१३ एप्रिल २०२४

चि. हर्षाली हिस,
अ. उ. आ.

पाडवा झाला. आम्ही गुढी उभारली नाही, वर्ष व्हायचं आहे. उन्हं फार आहेत आणि टँकर सुरू झाले आहेत. निवडणुकीच्या गाड्या दिवसभर ओरडत फिरतात, बाळं झोपत नाहीत.

आईचं मुंबईचं तू लिहिलंस ते मला खरंच माहीत नव्हतं. वाचून बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. गेलेल्या माणसाचं बोलणं आपण असं वाटून घेतो आहोत.

काकूंना मी पुन्हा विचारलं. त्या बदलल्या नाहीत. त्यांनी मला रीतही सांगितली, जशी काही मला ठाऊक नाही. परडी घेणारीनं कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून मागायचं आणि घरच्या बाईनं डब्यातलं मूठभर पीठ परडीत घालायचं. पाच दारं मागायची, त्यातल्या एका तरी घरचं पीठ दिवस मावळायच्या आत पडलंच पाहिजे. नाही पडलं तर परडी उपाशी राहिली, आणि उपाशी परडी घरात ठेवायची नाही, तुळजापूरला सोडायची.

तेव्हा ती तुझी, हे मी मान्य करते. पण मी येणार नाही. तू माझ्या आईची परडी घेऊन गल्लीतून चालशील आणि मी मागं पिशवी धरून चालेन, एवढं माझ्यानं होणार नाही.

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार केला. लिहितेच. तुला ते जमणार नाही, असं मला वाटतं. आणि जमू नये, असंही वाटतं. परडी तुळजापूरला देवीपाशी गेलेली मला चालेल, मुंबईला गेलेली चालणार नाही, असं मनात येतं. मोठ्या बहिणीनं असं लिहू नये. पण तुझ्याशी खोटं लिहून काय करू?

उन्हात अनवाणी चालायची सवय गेली असेल. पायाला आधी तेल लाव.

अयोध्या


मुंबई
२५ एप्रिल २०२४

ती. सौ. आक्कास,
सा. न. वि. वि.

तू म्हणाली होतीस तसंच झालं, हे तुला काकूंनी सांगितलं असेल. तरी मी माझ्या तोंडानं सांगते.

मी कुणाला कळवलं नव्हतं. गाडी गावाबाहेर ठेवली, आईचं जुनं लुगडं नेसले, गळ्यात कवड्यांची माळ घातली आणि सकाळीच काकूंच्या घरून परडी घेऊन निघाले. कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी पोचेपर्यंत मागं पन्नास माणसं झाली होती. पहिल्या दारात मी आई राजा उदो उदो म्हणाले, तर घरमालक म्हणाले, ताई आत या, बसा, पंखा लावतो. मी मान हलवली. त्यांनी दारातच शाल आणि नारळ दिला. दुसऱ्या घरातून नवी कोरी साडी आणली आणि माझी ओटी भरली. तिसऱ्या दारात म्हातारी पिठाची मूठ घेऊन आलीही होती, पण तिच्या नातवानं तिला थांबवलं. हर्षालीताईंना कुणी पीठ देतं का, म्हणाला, आणि तिच्या हातातून घेऊन पेढ्याचा बॉक्स ठेवला. चौथ्या दारात मला पुन्हा एकदा उदो उदो म्हणायला सांगितलं, कारण त्यांच्या फोनमध्ये पहिलं नीट आलं नव्हतं.

आणि मी म्हणाले, आक्का. सवयीनं. त्यांना जसा हवा तसा आवाज लावून पुन्हा म्हणाले.

पाचवं दार मी घेतलंच नाही. काकूंकडं परत आले, तोवर दुपार झाली होती. काकूंनी शाल, साडी, पेढे सगळं परडीतून काढलं आणि म्हणाल्या, हा तुझा सत्कार झाला, जोगवा नाही. मी विचारलं की तुमच्या घरचं चालेल का. त्या म्हणाल्या, आपल्याच घरचं पीठ आपल्या परडीत चालत नाही. मग परडी पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या की दिलेल्या लेकीचं घर मात्र परकं असतं.

तिथून निघाले. उन्हं उतरायला लागली होती, धाराशिवच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. गाडीत पाणी होतं, पण घेतलं नाही. तुझ्या दारात आले तेव्हा दिवस जरा वर होता. दाजी ओट्यावर होते, ते उठून आत जायला लागले. मी त्यांना हात करून थांबवलं, आणि हाक दिली.

तू बाहेर आलीस. माझ्याकडं पाहिलंस, परडीकडं पाहिलंस आणि आत निघून गेलीस. मग आलीच नाहीस. मी पुन्हा हाक दिली. सासूबाई खिडकीतून पाहत होत्या, श्रिया रडायच्या बेतात आली होती. ऊन भिंतीवरून वर सरकत चाललं होतं. शेवटी तू आलीस, मूठ परडीत रिकामी केलीस आणि दार ओढून घेतलंस. पाणी विचारलं नाहीस, ते रीतीला धरून होतं. पण माझ्याशी एक शब्दही बोलली नाहीस.

परडी इथं माझ्या खोलीत जमिनीवर पाटावर ठेवली आहे. ते पीठ मी त्या रात्री काकूंकडं भाकरी करून खाल्लं. जोंधळ्याचं होतं. मला भाकरी थापायला येत नाही आता, मोडली.

आक्का, एकच विचारते. तू आत काय करत होतीस?

तुझी,
हर्षाली


जळकोट
४ मे २०२४

चि. हर्षाली हिस,
अ. उ. आ.

सात तारखेचं मतदान आमच्याच शाळेत आहे, त्यामुळं गडबड आहे. पण तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून बसले.

तू हाक दिलीस तेव्हा मी श्रियाच्या वेणीला बसले होते. तो आवाज आईचा होता. मी धावतच बाहेर आले आणि तुला पाहिलं. मला वाटलं, ही पुन्हा तेच करते आहे. सिनेमात आईचं चालणं घेतलं, आता दारात येऊन आवाज घेतला. मी आत गेले ते देणार नाही असं ठरवूनच गेले.

पिठाचा डबा उघडला. हात घातला आणि तसाच ठेवला. हे आत आले आणि म्हणाले की दिवस चालला, ती उन्हातून आली आहे, तिचे पाय बघ. मी म्हणाले की तुम्ही यात पडू नका. सासूबाई म्हणाल्या, एवढी मोठी नटी आपल्या दारात ताटकळते आहे, लोक काय म्हणतील. त्या तसं म्हणाल्या आणि मला एकदम कळलं की माझ्या लग्नापासून आजपर्यंत माझ्यासाठी कुणी असं दारात उभं राहिलं नव्हतं. मी आणखी थांबले.

तर तू विचारलंस त्याचं उत्तर हे. काही करत नव्हते. तुला उभं ठेवत होते. तू उभी होतीस तेवढा वेळ मला बरं वाटत होतं. शाल देणारे तुला थांबवू शकत नाहीत, पेढे देणारे थांबवू शकत नाहीत. मी थांबवू शकत होते. अजून थोडं थांबले असते तर दिवस गेला असता आणि परडी तुझी राहिली नसती. हे मला पूर्ण कळत होतं.

मग तू दुसऱ्यांदा हाक दिलीस. ती आईची नव्हती. घसा कोरडा पडल्यावर लहानपणी तुझा आवाज फाटायचा, तसा तो फाटला. तो तू लावलेला नव्हता, एवढं मला ओळखता येतं. तुला मी पाळण्यात पाहिलं आहे. ती मागणारी तू होतीस, आणि माझ्याकडंच मागत होतीस. मी मूठ भरली.

बोलले नाही, कारण बोलले असते तर तुला आत घेतलं असतं आणि परडीची रीत मोडली असती. दार लावून मी आतल्या बाजूला उभी राहिले. तुझी गाडी सुरू झाल्याचं ऐकलं. मग आईची खाट उचलून मागच्या खोलीत ठेवली. हे मदतीला आले, पण मी एकटीनंच ठेवली.

माझा मत्सर गेला, असं मी लिहिणार नाही. काल चौकात तुझं नवं पोस्टर लागलं आणि मी रस्ता बदलून गेले. परडी तुझ्या पाटावर आहे हे आठवलं की अजून आत काहीतरी ओढल्यासारखं होतं. ते राहील.

पण तिला दर चैत्री पौर्णिमेला पीठ लागणार. तेरखेड्यात ते तुला मिळणार नाही. मुंबईत तर नाहीच. जिथं जाशील तिथं तुला शाली मिळतील. तेव्हा दर वर्षी माझ्याच दारात ये. अनवाणी ये, उंबऱ्याबाहेर उभी राहा. बहीण म्हणून हाक मारायची नाही. मी लगेच बाहेर येईन, असं कबूल करत नाही. ज्या वर्षी माझ्या मनात येणार नाही, त्या वर्षी येणार नाही, आणि तू परडी तशीच तुळजापूरला न्यायची. त्यावर माझ्याशी भांडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र बहीण म्हणून राहायला ये. भाकरी थापायला शिकवीन. दर वेळी मोडलेली खाऊन कसं चालेल?

श्रिया नमस्कार सांगते. आशीर्वाद आहेत, आणि लोभ जसा आहे तसा, वाकडा का असेना, पण आहे.

तुझी,
अयोध्या